दीपमालाच्या तारांत पोटॅशियम कुठून आलं

दीपमालाची आणि माझी ओळख भांडणानं झाली. मी प्रयोगशाळेत काचेची भांडी विसळत होतो, म्हणजे नळ सोडून फोनवर बोलत होतो. मागून एक सावळी, शिडशिडीत मुलगी आली, तिनं नळ बंद केला आणि म्हणाली, "बोलणं झालं की सोडा परत." ओळख ना पाळख. मी फलटणचा, नीरेच्या कालव्यावर वाढलेला. आमच्याकडं उसाला पाणी सोडलं की माणूस चहा पिऊन, चार गप्पा मारून, जमलं तर डुलकी काढून परत येतो. मी चिडून म्हणालो, "नळ कॉलेजचा आहे." ती म्हणाली, "बरं, सरकार." तेव्हापासून मी सगळ्या विभागाचा सरकार झालो. माझं नाव वीरधवल आहे, हे आता मला बँकेत गेल्यावरच आठवतं.

दीपमाला जतच्या पूर्वेकडची. तिकडं कर्नाटकची हद्द हाकेवर आणि पाणी मात्र टँकरनं येणारं. घर मेंढपाळांचं. वडील धनाजी मेंढरं घेऊन महिनोन्‌महिने मुलखात असायचे, आई भामाबाई घर, थोडी ज्वारी आणि अलीकडं लावलेली डाळिंबाची बाग बघायच्या. त्या वस्तीवरनं एम.एस्सी. होऊन सांगलीला पीएच.डी. करायला आलेली ही पहिलीच. अशा मुलींबद्दल लिहिताना लोकांचा गळा दाटून येतो. माझा येत नाही, कारण मी तिच्या शेजारच्या टेबलावर काम केलेलं आहे. ती कमालीची हट्टी होती, कुणाचं ऐकायची नाही, आणि मी धुतलेली भांडी माझ्यादेखत पुन्हा धुवायची. पण एक गोष्ट मी शपथेवर सांगेन. मीटरवर आलेला आकडा तिनं कधी बदलला नाही. आम्ही बाकीचे आकडा मनासारखा आला नाही की मीटरला टपली मारून परत बघायचो. तिला नको असलेला आकडा आला तर ती तोंड कडू करायची, पण होता तसा उतरवून घ्यायची.

तिचं काम काय होतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरनंच घडलं. टॉर्चचा जुना सेल फोडला की आत काळी पूड निघते. तिच्यात मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड असतं. याच पदार्थाच्या तारा बनवता येतात, केसाच्या हजाराव्या हिश्श्याइतक्या बारीक. त्यांना नॅनोवायर म्हणतात. आणि गंमत अशी, की एवढ्या बारीक तारेच्याही आत लांबच्या लांब बोगदे असतात. अणूंची मांडणीच तशी असते. बॅटरी चालते तेव्हा आयन, म्हणजे विजेचा भार असलेले अणू, त्या बोगद्यांत शिरतात आणि चार्जिंगच्या वेळी बाहेर पडतात. बोगदा अरुंद असला की ते अडकून बसतात. शिवाय तारेतून वीजही सहज वाहायला हवी, आणि त्या बाबतीत मँगनीज डायऑक्साइड मूळचंच मंद.

यावर एक उपाय जगाला आधीपासून माहीत आहे. पोटॅशियमचा आयन चांगला जाडजूड असतो. तार तयार होतानाच तो आत बसवला की बोगदा रुंद राहतो आणि वीजही जास्त वाहते. अडचण एवढीच, की तो रस्त्याच्या मधोमध ठाण मांडून बसतो. खंबाटकीच्या बोगद्यात ट्रक बंद पडला की काय होतं, हे साताऱ्याच्या माणसाला सांगायला नको. म्हणून दीपमाला पोटॅशियमचा कणही न घालता रुंद बोगदे बनवायच्या मागं लागली होती. आमच्या मार्गदर्शक संयोगिता मॅडम तिला म्हणाल्या होत्या, "हा विषय भल्याभल्यांनी सोडलाय, दीपमाला." त्यावर तिचं उत्तर होतं, "मग बरंय मॅडम, गर्दी नसेल."

गर्दी नव्हतीच. रसायनं पाण्यात विरघळवायची, टेफ्लॉनच्या पेल्यात ओतायची, पेला पोलादी डब्यात घट्ट बंद करून भट्टीत ठेवायचा. निघालेली काळी पूड धुऊन, वाळवून, दाबून तिची गोळी करायची आणि गोळीला दोन्ही बाजूंनी तारा जोडून वीज किती वाहते ते मोजायचं. दोन वर्षं गोळ्या निघत राहिल्या आणि वीज काही वाहायला तयार होईना.

मग कृष्णेला पूर आला. कॉलेजच्या तळमजल्यात पाणी शिरणार असं दिसल्यावर आम्ही सगळी यंत्रं खांद्यावर घेऊन वरच्या मजल्यावर चढवली. वीज गेली आणि डिस्टिल्ड वॉटर बनवायचं यंत्र बंद पडलं. डिस्टिल्ड वॉटर म्हणजे वाफ करून परत थंड केलेलं पाणी, ज्यात क्षारांचा मागमूस नसतो. आमच्या कामाला तेच लागतं. असल्या पाण्याचा एकच कॅन शिल्लक होता. तो सांभाळून ठेवायला दीपमाला सांगलीतल्याच विश्रामबागेतल्या आपल्या खोलीवर घेऊन गेली. तेव्हा खोलीवर तिची आई होती. मिरजेला डोळ्याचं ऑपरेशन करून भामाबाई लेकीकडं आल्या होत्या आणि रस्ते बंद झाल्यामुळं काळा चष्मा लावून तिथंच अडकल्या होत्या.

पूर ओसरला, वीज आली, पण यंत्र दुरुस्त व्हायचं होतं. दीपमालानं खोलीवरचा कॅन आणला आणि त्या पाण्यात एक खेप लावली. गोळी तयार झाली, तिनं तारा जोडल्या आणि मला हाक मारली. "सरकार, जरा इकडं या." मी मीटर बघितला, मग तारा बघितल्या, मग मीटर दुसऱ्या टेबलावरचा आणून लावला. वीज वाहत होती. आधीच्या गोळ्यांच्या कित्येक पटींनी वाहत होती, आणि पोटॅशियम न घालता वाहत होती. मॅडम त्यांच्या खोलीतून चप्पल न घालताच धावत आल्या. मी साताऱ्याहून आणलेले कंदी पेढे कपाटात होते, ते सगळ्या मजल्यावर वाटले. दीपमालानं पेढा हातात धरला होता आणि ती तो खायचं विसरून मीटरकडं बघत होती.

आनंद टिकला जेमतेम आठवडाभर. यंत्र दुरुस्त झालं, ताजं डिस्टिल्ड वॉटर आलं, आणि तिनं तीच खेप पुन्हा लावली. गोळी मेलेली. परत लावली, परत मेलेली. भट्टी बदलली, पेला बदलला, रसायनांच्या नव्या बाटल्या फोडल्या. काही उपयोग झाला नाही. पुराच्या कॅनमधलं पाणी केव्हाच संपलं होतं आणि कॅन धुऊन पुन्हा भरलेला होता. शेवटी मॅडमनी पहिल्या खेपेतली उरलेली पूड कोल्हापूरला मोठ्या मायक्रोस्कोपखाली तपासायला पाठवली. तिथलं यंत्र तारा दाखवतं आणि तारांत कोणकोणती मूलद्रव्यं आहेत तेही सांगतं. तारा सुरेख होत्या, बोगदे रुंद होते. आणि आत पोटॅशियम होतं. बरोबर थोडं ॲल्युमिनियमही होतं, पण त्याकडं तेव्हा कुणी फारसं बघितलं नाही.

संशोधन समितीचे प्रमुख होते पृथ्वीराज सर. पृथ्वीराज सर वाईट माणूस असते तर फार सोपं झालं असतं. ते शिस्तीचे, हुशार, आणि स्वतःच्या विद्यार्थ्याचीसुद्धा गय न करणारे होते. समितीच्या बैठकीत दारापाशीच्या खुर्चीत मी होतो, म्हणून सगळं ऐकलं. सरांनी कोल्हापूरहून आलेला तारांचा फोटो टेबलावर ठेवला आणि विचारलं, "पोटॅशियम घातल्यानं वीज वाढते, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो सर."

"आणि तुम्ही पोटॅशियम घातलं नाही, असं सांगितलंत."

"नाही घातलं, सर."

"मग ते आलं कुठून? पोटॅशियम आभाळातून पडत नाही. कुणीतरी घालतं तेव्हाच ते असतं."

 दीपमाला म्हणाली, "मला माहीत नाही. पण मी नाही घातलं." मॅडम तिच्या बाजूनं बोलल्या, पण त्यांनाही पोटॅशियमचा ठावठिकाणा सांगता येईना. सरांनी आपली हरकत लेखी नोंदवली. पोटॅशियम कुठून आलं हे पटेपर्यंत दीपमालाचा हा निष्कर्ष मान्य करू नये, असा त्या हरकतीचा अर्थ. नापास झालेल्याला पुन्हा परीक्षा देता येते. खोटारडा ठरलेल्याचं तसं नसतं. जिन्यावरून आमच्या आधी बातमी खाली पोहोचली होती, आणि कँटीनमधल्या पोरांनी तर दीपमालानं आकडे घरी शिजवले असं ठरवूनही टाकलं होतं. मी त्यातल्या एकाशी हातघाईवर आलो. मला अजूनही त्याचं वाईट वाटत नाही.

ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं टेबल आवरलं, पुस्तकं पिशवीत भरली आणि म्हणाली, "सरकार, गाडी हाय न्हवं तुमची? मला गावाकडं सोडता का? आता परत याचं का न्हाई त्ये तितं जाऊन ठरवती." मी गाडी काढली. कवठेमहांकाळ मागं पडलं. पुढं रान उघडं पडत गेलं तशी ती म्हणाली, "आयेला काय सांगू? लेक चोर ठरली म्हनून?" मी एसी वाढवला.

वस्तीवर पोहोचलो तेव्हा दुपार होती आणि टँकर येऊन गेला होता. भामाबाईंनी दारातच मला तांब्या दिला नाही. "जरा दमा बाळा," म्हणाल्या, आणि भरून ठेवलेल्या घागरीशी गेल्या. एक पांढरा खडा त्यांनी कोनाड्यातून काढला, घागरीत हात घालून तो गोल गोल फिरवत राहिल्या. मला वाटलं काही देवाधर्माचं असेल. मी विचारलं, "आवं मावशी, हे काय?"

"तुरटी हो. गाळ खाली बसतोय. तुमी कालव्याकडचं पाव्हनं, टँकरचं पानी तुमच्या पोटाला सोसायचं न्हाई."

तुरटी मला ठाऊक होती ती न्हाव्याच्या दुकानातली, दाढीनंतर गालावर फिरवतात ती. पाण्यात तुरटी फिरवताना मी माझ्या उभ्या आयुष्यात कुणाला बघितलं नव्हतं. आमच्या विभागात बहुतेक सगळे कृष्णाकाठचे किंवा कालव्याकाठचे. पाणी गढूळ आलं तर आम्ही दुसरा नळ सोडतो. मी नवल म्हणून दीपमालाकडं बघितलं, तर ती उंबऱ्यावर जागच्या जागी बसलेली. डोळे घागरीवर.

"आये," ती हळू म्हणाली, "सांगलीला आलतीस तवा माझ्या खोलीवर एक पांढरा कॅन हुता बग."

"हुता की. कोपऱ्यात."

"त्याला हात लावलातास का?"

"हात कशाला लावू? पुराचं पानी त्ये. तू पिशील, म्हनून दोऱ्याला तुरटी बांदून आत सोडली. सकाळी उरल्याली काढली."

"आये, त्ये प्यायचं पानी न्हवतं गं."

भामाबाईंना हे पटलं नाही. "पानी हाय म्हंजी कोनतरी पिनारच की," त्या म्हणाल्या.

दीपमालानं माझ्याकडं बघितलं. "सरकार, तुरटीत काय असतं?" आणि दहावीत छडीच्या धाकानं पाठ केलेलं नाव माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं: पोटॅशियम ॲल्युमिनियम सल्फेट. पोटॅशियम होतं, ॲल्युमिनियम होतं, कोल्हापूरच्या यंत्रानं सांगितलेली दोन्ही नावं त्या घागरीत गोल फिरत होती. दीपमाला हसायला लागली. हसता हसता तिला रडू आलं, आणि मग दोन्ही एकदमच चाललं. भामाबाई घाबरल्या. "लय वंगाळ केलं का गं मी?" दीपमालानं उठून त्यांना मिठी मारली, ओल्या हातासकट. "न्हाई आये. लय चांगलं केलंस." त्या दिवशी मी त्या घागरीतलं पाणी पोट फुटेस्तोवर प्यालो. पोटाला काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सांगलीत होतो आणि भामाबाईंच्या कोनाड्यातला खडा दीपमालाच्या पर्समध्ये होता. तिनं जाऊन पृथ्वीराज सरांना सगळं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं. "गोष्ट चांगली आहे," ते म्हणाले, "पण गोष्टीवर पदवी देत नाहीत. मी स्वतः करून बघतो." एवढं बोलून त्यांनी खरंच प्रयोग लावला, दुसऱ्या कुणाला भट्टीजवळ फिरकू दिलं नाही. आम्ही निर्धास्त होतो. मी तर पेढ्यांची तजवीज करून ठेवली होती.

सरांनी बोलावलं आणि गोळी समोर ठेवली. मीटर जोडलेला होता. वीज वाहत नव्हती. "तुरटी भरपूर घातली होती," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता; मला वाटतं त्यांनाही मनातून ती गोळी चालायला हवी होती. "आता काय म्हणायचंय तुम्हाला?"

 दीपमालाचा चेहरा उतरला, पण फार वेळ नाही. तिनं टेबलावर उरलेला तुरटीचा तुकडा उचलला, खिडकीशी नेला, नखानं खरवडला. तुकडा मळकट, पिवळसर, आरपार न दिसणारा होता. "सर, ही तुरटी कुठली?"

"पाणी शुद्धीकरण केंद्रातली. माझे एक मित्र तिथं आहेत. गावभर पाणी याच तुरटीनं शुद्ध होतं. किराणा दुकानातल्या खड्यापेक्षा ही खात्रीची."

दीपमालानं पर्समधून आईचा खडा काढून शेजारी ठेवला. तो खडीसाखरेसारखा स्वच्छ, आरपार दिसणारा होता. "सर, मोठ्या केंद्रात वापरतात ते नुसतं ॲल्युमिनियम सल्फेट. लोक त्यालाही तुरटीच म्हणतात. त्यात पोटॅशियम नसतं. पोटॅशियमशिवाय तुमची गोळी चालली असती, तर मी खोटी ठरले असते." आणि मग, सरांसमोर इतकं धीट बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं, "तुमच्या हातून माझा अर्धा प्रयोग झालाय, सर. राहिलेला अर्धा पण तुम्हीच करा."

सरांनी दोन्ही तुकडे आळीपाळीनं बघितले. "ठेवा इथं," म्हणाले. हो म्हणाले नाहीत, आणि नाहीही म्हणाले नाहीत. आईचा खडा टेबलावर ठेवून आम्ही बाहेर आलो, आणि त्यानंतर सर त्या विषयावर अवाक्षर बोलले नाहीत. हरकत जिथं होती तिथंच राहिली.

पण दीपमाला आता थांबणारी नव्हती. मॅडमच्या देखरेखीखाली तिनं तीन पेले लावले: एकात किराणा दुकानातली तुरटी, एकात नुसता ॲल्युमिनियमचा क्षार, एकात नुसता पोटॅशियमचा. ॲल्युमिनियमची गोळी मेलेली निघाली. बाकीच्या दोन्ही चालल्या. म्हणजे काम करणारं पोटॅशियमच होतं, ॲल्युमिनियम नुसतं बरोबर आलेलं. मग तिनं पोटॅशियमचं माप वाढवत नेलं, आणि तिथं तिला तिची खरी कमाई सापडली. जास्त घातलं की वीज वाहायची, पण बोगदे गच्च भरायचे आणि बॅटरीच्या आयनांना वाट उरायची नाही. आईनं नकळत घातलं होतं तेवढंच, म्हणजे अगदी थोडं घातलं, की अधेमधे टेकू बसल्यासारखे बोगदे उघडे राहायचे, आयन मोकळे ये-जा करायचे आणि वीजही वाहायची. पोटॅशियमशिवाय रुंद बोगदे बनवायला निघालेली पोरगी किती पोटॅशियम पुरतं ते शोधून बसली होती. प्रबंध लिहिताना मॅडमनी सुचवलं, की पाण्यातली अशुद्धी एवढं लिहिलं तरी चालेल. दीपमाला म्हणाली, "नाही मॅडम. आईनं तुरटी घातली, असंच लिहायचं. मग कुणी विचारायला नको, कुठून आलं."

हरकत तशीच असताना मॅडमनी प्रबंध पुढं पाठवला, निर्णय परीक्षकांवर सोडून. मौखिक परीक्षा सगळ्यांसाठी खुली असते. कॉलेजचं सभागृह भरलं होतं. कँटीनमधली पोरंही मागं येऊन बसली होती, नेमकं काय होतंय ते बघायला. पहिल्या रांगेत भामाबाई नव्या लुगड्यात आणि त्यांच्या शेजारी धनाजी, डोक्याला पटका, मेंढरं भावाच्या हवाली करून आलेले. परीक्षक बंगळुरूचे होते, त्यामुळं सगळं इंग्रजीत चाललं. दीपमाला बोलायला उभी राहिली आणि तासभर बोलली. तिच्या इंग्रजीला जतचा वास होता आणि तिला त्याची अजिबात लाज नव्हती. परीक्षकांनी प्रश्नांवर प्रश्न विचारले. टेकूंच्या मापाबद्दल तर त्यांनी तिला तीन बाजूंनी घेरलं, आणि तिन्ही बाजूंनी ती बाहेर पडली. मी मागं बसून नखं खात होतो.

मग परीक्षकांनी समोरचा कागद उचलला. "या निष्कर्षावर एक हरकत नोंदवलेली आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "पोटॅशियम मुद्दाम लपवून घातलं, असा तिचा अर्थ होतो. ती मागं घेतलेली दिसत नाही. ती कायम असेल तर मला पुढं जाता येणार नाही. हरकत नोंदवणारे इथं आहेत का?"

 दीपमालानं समोरच्या मेजाची कड धरली होती. भामाबाईंना इंग्रजी कळत नव्हतं, पण लेकीचा चेहरा कळत होता. त्या ताठ होऊन बसल्या.

पृथ्वीराज सर मधल्या रांगेतून उठले. सावकाश, कोटाचं बटण लावत. ते इंग्रजीत बोलले, आणि त्यांच्या सवयीप्रमाणं थोडक्यात बोलले. "हरकत माझी होती. मी हा प्रयोग स्वतः केला आहे. आधी चुकीच्या तुरटीनं केला, तो फसला. मग त्यांनी ठेवलेल्या खड्यानं केला. एकदा करून विश्वास बसला नाही, म्हणून पुन्हा केला, मग बाजारातून दुसरा खडा आणून केला. दर वेळी वीज वाहिली. पोटॅशियम कुठून आलं, हे त्यांनी सांगितलं ते शब्दशः खरं आहे. मी हरकत मागं घेतो."

टाळ्या सुरू व्हायच्या आधीच पहिल्या रांगेतून भामाबाईंचा खणखणीत आवाज आला. "दीपे, काय म्हनलं गं ते सायेब?"

दीपमालाच्या समोर माइक चालू होता. त्यामुळं तिचं उत्तर सगळ्यांना ऐकू गेलं. "मी खोटं बोलले न्हवते म्हनाले, आये."

भामाबाईंनी वळून सरांकडं बघितलं. चांगलं निरखून बघितलं, आता दोन्ही डोळ्यांनी. "मंग त्ये मराठीत सांगाया काय झालं?" त्या म्हणाल्या. "तिला चोर म्हनलं तवा आमच्या गावापातूर कळलं हुतं. आता ती खरी हाय म्हनता, तर त्ये बी आमाला कळू द्या."

कुणी हसलं नाही. मला वाटलं सर आता रागावतात. पण पृथ्वीराज सर रांगेतून बाहेर आले, सभागृहाच्या मधल्या वाटेनं चालत पहिल्या रांगेपाशी गेले आणि भामाबाई आणि धनाजींच्या समोर उभे राहिले. मग त्यांनी सगळं पहिल्यापासून मराठीत सांगितलं, मागच्या रांगेतल्या कँटीनच्या पोरांपर्यंत पोहोचेल इतक्या मोठ्यानं. "तुमच्या मुलीनं काही लपवलं नव्हतं. ती पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती. मी मानलं नाही, ते माझं चुकलं."

भामाबाईंनी मान हलवली. "बास," म्हणाल्या, आणि पदर सावरून परीक्षकांना हातानं खूण केली, की आता चालू द्या पुढं.